लोहचुंबकीय धातूंचे प्रकाशीय गुणधर्म: तापमानाचा वाटा किती, चुंबकनाचा किती?

धातुवेध

लोखंड, कोबाल्ट आणि निकेल तापवले की त्यांची परावर्तकता बदलते, ही गोष्ट जुनी आणि सर्वमान्य आहे. प्रश्न असा आहे की हा बदल कोणाच्या खाती मांडायचा. तांब्यासारखा साधा धातू तापवताना अणूंची कंपने वाढतात आणि बहुतेक सर्व परिणाम त्यांतूनच निघतात. लोहचुंबकीय धातूत मात्र तापमान वाढवले की कंपने वाढतात आणि त्याच वेळी चुंबकनही (अणूंचे सूक्ष्म चुंबक एका दिशेला असण्याचे प्रमाण) घटत जाते. दोन्ही बदल एकाच बटणाला बांधलेले असल्यामुळे मोजमापाच्या आलेखावर 'तापमानाचा परिणाम' असे लिहिले असले, तरी त्यात चुंबकनाचा हिस्सा मिसळलेला असतो. या दोहोंना वेगळे कसे करावे यावर येथे सविस्तर चर्चा व्हावी, या हेतूने हा धागा काढत आहे.

प्रथम आकडे समोर ठेवतो. क्यूरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर उत्स्फूर्त चुंबकन उरत नाही ते तापमान, लोखंडासाठी १०४३ केल्विन, कोबाल्टसाठी सुमारे १३८८ केल्विन, निकेलसाठी ६२७ केल्विन आणि गॅडोलिनियमसाठी २९३ केल्विनच्या आसपास आहे. प्रत्येक अणूमागचे चुंबकीय आघूर्ण, म्हणजे त्या अणूच्या चुंबकाचे बळ, बोर मॅग्नेटॉन या अणुस्तरीय एककात लोखंडात २.२, कोबाल्टमध्ये १.७ आणि निकेलमध्ये केवळ ०.६ भरते.

दूरच्या अवरक्त भागात धातूचे वर्तन मुक्त इलेक्ट्रॉन ठरवतात. ड्रूड यांनी १९०० मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार तेथे महत्त्वाची राशी एकच असते: दोन टकरींमधला सरासरी काळ. हागेन आणि रुबेन्स यांनी १९०३ मध्ये दाखवून दिले की पुरेशा लांब तरंगलांबीला धातूची उत्सर्जकता (आदर्श काळ्या पदार्थाच्या तुलनेत प्रारण बाहेर टाकण्याची क्षमता) त्याच्या रोधकतेच्या (विद्युतप्रवाहाला होणाऱ्या विरोधाच्या) वर्गमूळाच्या प्रमाणात असते. म्हणजे या भागात प्रकाशीय मोजमाप हे अप्रत्यक्षपणे रोधकतेचेच मोजमाप होय, आणि लोहचुंबकीय धातूची रोधकता तापमानाबरोबर साध्या रेषेत वाढत नाही.

निकेलचे उदाहरण घेऊ. २९३ केल्विनला त्याची रोधकता सुमारे ७ मायक्रोओहम-सेंटीमीटर असते. केवळ जाळीची कंपने जबाबदार असती, तर ती तापमानाच्या प्रमाणात वाढून क्यूरी तापमानाला १५ च्या आसपास पोहोचायला हवी होती. प्रत्यक्षात ती ३० च्या जवळ जाते. लोखंडात ही तफावत आणखी ठळक आहे: १० वरून सुमारे ३५ व्हायला हवे तेथे १०० च्या आसपास आकडा मिळतो. हा जादा हिस्सा स्पिनांच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या अंगभूत सूक्ष्म चुंबकांच्या, अव्यवस्थेचा आहे. सर्व आघूर्णे एका दिशेला असताना इलेक्ट्रॉनाला पुनरावृत्त, नियमित वातावरण मिळते. ती विस्कटली की प्रत्येक अणू त्याला थोडा वेगळा भासतो आणि प्रकीर्णन वाढते. क्यूरी तापमानाच्या वर अव्यवस्था पूर्ण झालेली असल्यामुळे हा हिस्सा आणखी वाढू शकत नाही, म्हणून तेथे रोधकतेच्या वक्राचा चढ एकदम मंदावतो. हागेन-रुबेन्स सूत्रात निकेलचे हे आकडे घातले, तर १० मायक्रोमीटर तरंगलांबीला उत्सर्जकता सुमारे ३ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर जाते. हा अंदाज ढोबळ आहे, कारण सामान्य तापमानाला ही तरंगलांबी त्या सूत्राच्या सीमेबाहेर जाऊ लागते. परंतु उत्सर्जकता साधारण दुप्पट होण्यात कंपनांचा आणि चुंबकीय अव्यवस्थेचा वाटा जवळजवळ सारखा असावा, हे त्यातून स्पष्ट दिसते.

दृश्य प्रकाशाकडे आलो की चित्र पालटते. तेथे प्रकाशाचा कण इलेक्ट्रॉनाला एका ऊर्जापट्टातून (इलेक्ट्रॉनांना मुभा असलेल्या ऊर्जांच्या पट्ट्यातून) उचलून दुसऱ्यात नेतो, आणि चुंबकन असलेल्या धातूत वर-स्पिन व खाली-स्पिन इलेक्ट्रॉनांचे पट्ट एकमेकांपासून सरकलेले असतात. हे विनिमय-विभाजन लोखंडात सुमारे २ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, तर निकेलमध्ये प्रकाश-उत्सर्जनाच्या (प्रकाश टाकून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याच्या) प्रयोगांतून सुमारे ०.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट मिळते. तुलनेसाठी, निकेलच्या क्यूरी तापमानाला उष्णतेची ऊर्जा केवळ ०.०५४ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. चुंबकन घटताना हे विभाजन खरोखर घटत असेल, तर शोषणाच्या शिखरांची जागा सरकली पाहिजे. ते घटत नसेल, तर शिखरे जागेवर राहून फक्त पसरट होतील. प्रकाशीय मापनाने धातूच्या चुंबकत्वाविषयी विचारण्याजोगा सर्वांत मोलाचा प्रश्न माझ्या मते हाच आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे: तापमान आणि चुंबकन ही दोन स्वतंत्र कारणे मानून त्यांची बेरीज करणे पुरेसे नाही. जाळीची कंपने, स्पिनांची अव्यवस्था आणि पट्टांचे विभाजन या तीन वाटांनी उष्णता प्रकाशापर्यंत पोहोचते, आणि तिन्ही वाटा वेगवेगळ्या तरंगलांबीला वेगवेगळ्या प्रमाणात उघड्या असतात. म्हणून एकाच तरंगलांबीवर घेतलेल्या मापनातून काढलेला निष्कर्ष मला नेहमी अपुरा वाटतो. जाणकारांनी आपापल्या क्षेत्रातील अनुभव मांडावेत.

तापमापी

विषय अत्यंत महत्त्वाचा आहे आणि मांडणी आवडली. मी उच्च तापमानाच्या मापनाच्या बाजूने भर घालतो, कारण पायरोमीटर (तापलेल्या वस्तूच्या प्रकाशावरून तापमान मोजणारे उपकरण) वापरणाऱ्याला उत्सर्जकतेचा प्रश्न टाळताच येत नाही. अपारदर्शक पदार्थासाठी किर्कहॉफच्या नियमानुसार उत्सर्जकता म्हणजे एक वजा परावर्तकता; म्हणून तापलेल्या लोखंडाचा प्रकाश मोजणे हेही त्याच्या प्रकाशीय गुणधर्मांचेच मापन आहे.

अनेक धातूंमध्ये एक विशिष्ट तरंगलांबी अशी आढळते की तेथे उत्सर्जकता तापमानाने जवळजवळ बदलत नाही. तिच्याहून लांब तरंगलांबीला उत्सर्जकता तापमानाबरोबर वाढते आणि आखूड तरंगलांबीला घटते. टंगस्टनमध्ये हा बिंदू सुमारे १.३ मायक्रोमीटरला आहे. लोखंडाच्या गटातील धातूंमध्येही तो निकट-अवरक्त भागातच येतो. धातुवेध यांनी मुक्त इलेक्ट्रॉन आणि आंतरपट्ट संक्रमणे (एका पट्टातून दुसऱ्यात जाणाऱ्या उड्या) असे जे दोन प्रदेश सांगितले, त्यांच्या सीमेवरच हा बिंदू बसतो. चुंबकीय परिणाम शोधणाऱ्याने या तरंगलांबीजवळ अवश्य मोजावे, कारण तेथे साध्या तापीय बदलाचा हिस्सा आपोआप किमान होतो आणि क्यूरी तापमानाजवळची लहानशी वळणेही उठून दिसू शकतात.

मात्र एक इशारा द्यावासा वाटतो. दृश्य प्रकाश लोखंडात किंवा निकेलमध्ये केवळ १० ते २० नॅनोमीटर शिरतो. म्हणजे आपण जे मोजतो ते पृष्ठभागाचे गुणधर्म असतात, आणि तापलेल्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढायला फारसा वेळ लागत नाही. ऑक्साइडची उत्सर्जकता स्वच्छ धातूच्या कितीतरी पट असल्याने सगळा हिशेब त्याखाली दबून जातो. चांगल्या निर्वातात किंवा हायड्रोजनच्या वातावरणात तापवलेला नमुनाही पहिल्या तापवण्यात बदलतोच: पॉलिश करताना पृष्ठभागात बसलेला ताण सुटतो आणि स्फटिककण मोठे होतात. म्हणून थंड करताना मिळालेला वक्र तापवतानाच्या वक्रावर बसतो की नाही, हे पाहिल्याशिवाय कोणत्याही वळणाला चुंबकीय म्हणू नये.

याखेरीज रचनेतील बदल वेगळे ओळखावे लागतात. कोबाल्टची स्फटिकरचना सुमारे ६९५ केल्विनला बदलते आणि लोखंडाची ११८५ केल्विनला. लोखंडात चुंबकन संपण्याचे आणि रचना बदलण्याचे तापमान यांत जेमतेम दीडशे अंशांचे अंतर आहे. निकेलमध्ये अशी अडचण नाही. त्याची रचना वितळेपर्यंत तीच राहते. स्वच्छ उत्तर हवे असेल त्याने सुरुवात निकेलपासून करावी.

मृण्मयी

मी पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे आणि आमच्या प्रयोगशाळेत केर परिणामावर, म्हणजे चुंबकित पृष्ठभागावरून परावर्तित प्रकाशाचे ध्रुवणप्रतल (प्रकाशाच्या कंपनाचे प्रतल) फिरण्यावर, आधारित उपकरण आहे. पातळ थराचा चुंबकीय वक्र आम्ही त्यावरच घेतो आणि घूर्णनाचा कोन म्हणजे चुंबकन असे सरळ धरतो. तापमान बदलत असतानाही असे धरणे योग्य आहे का? धातुवेध यांच्या मांडणीनुसार प्रकाशीय स्थिरांक स्वतःच तापमानाने बदलत असतील, तर घूर्णन आणि चुंबकन यांचे गुणोत्तर स्थिर कसे राहील?

धातुवेध

मृण्मयी, आपला प्रश्न विषयाच्या गाभ्याला हात घालणारा आहे, म्हणून थोडे सविस्तर उत्तर देतो.

फॅरडे यांनी १८४५ मध्ये काचेतून जाणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवणप्रतल चुंबकीय क्षेत्रामुळे फिरते हे दाखवले, आणि केर यांनी १८७७ मध्ये विद्युतचुंबकाच्या घासून चकचकीत केलेल्या ध्रुवावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशात तसेच घूर्णन शोधले. त्याचा उगम समजायला मात्र बरीच दशके लागली. १९३२ मध्ये ह्यूम यांनी स्पिन आणि कक्षीय गती यांच्या परस्परक्रियेकडे बोट दाखवले आणि १९५५ मध्ये आर्जिरेस यांनी त्यावर पूर्ण सिद्धान्त उभारला. प्रकाशाचे विद्युतक्षेत्र स्पिनाशी थेट बोलत नाही. ते इलेक्ट्रॉनाच्या कक्षीय गतीशी बोलते. स्पिनची दिशा कक्षीय गतीवर उमटते ती या परस्परक्रियेमुळे, आणि असमान भरलेल्या वर-खाली पट्टांमुळे तिची बेरीज शून्य होत नाही.

गणिताच्या भाषेत डायइलेक्ट्रिक टेन्सरचे (प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राला पदार्थ कसा प्रतिसाद देतो हे सांगणाऱ्या संख्यांच्या कोष्टकाचे) दोन प्रकारचे घटक असतात. कर्णावरचे घटक चुंबकनाची दिशा उलटली तरी बदलत नाहीत. त्यांच्यात चुंबकनाचा वर्ग येतो. कर्णाबाहेरचे घटक दिशा उलटली की चिन्ह बदलतात आणि पहिल्या अंदाजात चुंबकनाच्या थेट प्रमाणात असतात. केर घूर्णन आणि लंबवर्तुळता (परावर्तित प्रकाशाचे कंपन सरळ रेषेऐवजी किती लंबवर्तुळाकार होते ते) मिळून जी एक सम्मिश्र संख्या होते, तिच्या अंशस्थानी कर्णाबाहेरचा घटक असतो, तर छेदस्थानी कर्णावरचा घटक उणे एक, गुणिले त्याच घटकाचे वर्गमूळ. तापमानाने छेद बदलतो, आणि कर्णाबाहेरच्या घटकात चुंबकनाला गुणणारी राशीही बदलते. तेव्हा घूर्णन म्हणजे चुंबकन गुणिले एक प्रकाशीय गुणांक, आणि तो गुणांक तापमानापासून मुक्त नाही.

व्यवहारात हे कितपत बोचते? बहुतेक धातूंची परावर्तकता एका केल्विनला दहा हजारांत एक किंवा त्याहून कमी प्रमाणात बदलते. सामान्य तापमानाला निकेलचे चुंबकनही एका केल्विनला दहा हजारांत काही भागच घटते. म्हणजे दोन्ही बदलांत फार मोठे अंतर नसते आणि तेथे सावध राहिलेच पाहिजे. क्यूरी तापमानाच्या जवळ मात्र चुंबकन इतक्या वेगाने कोसळते की प्रकाशीय गुणांकाचा मंद बदल त्यापुढे नगण्य ठरतो. म्हणूनच अतिपातळ थरांचे क्रांतिक घातांक (क्यूरी तापमानाजवळ चुंबकन कोणत्या दराने शून्याकडे जाते ते सांगणाऱ्या संख्या) केर परिणामाने विश्वासार्हपणे मोजता आले आहेत.

एक व्यावहारिक सूचना: घूर्णन आणि लंबवर्तुळता दोन्ही मोजा. तापमान बदलताना दोहोंचे वक्र एकाच गुणोत्तराने घटत असतील, तर आपण चुंबकन मोजत आहात असे मानायला सबळ आधार आहे. ते वेगवेगळे वागत असतील, तर गुणांक बदलत आहे. आणि घूर्णन शून्यातून जाते अशा तरंगलांबीजवळ (निकेलमध्ये ४ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास एक अशी जागा आहे) केवळ कोनावर अवलंबून राहू नका; तेथे प्रकाशीय स्थिरांकातला किंचित बदलही सापेक्षतः फार मोठा दिसतो.

अनुनाद

घूर्णन आणि लंबवर्तुळता यांच्या तुलनेचा उल्लेख झाला म्हणून सांगतो, या एका मुद्द्यावर आमच्या क्षेत्रात मोठा वाद झडला होता. १९९६ मध्ये स्ट्रासबूर्ग येथील बोरपेअर, बिगो आणि सहकाऱ्यांनी निकेलच्या पातळ थरावर फेम्टोसेकंद (पिकोसेकंदाचा हजारावा भाग) लेसरचे स्पंद टाकले आणि केर संकेत पहिल्या पिकोसेकंदातच (सेकंदाच्या एक लक्ष कोटीव्या भागातच) मोठ्या प्रमाणात घसरल्याचे दाखवले. चुंबकन इतक्या झटपट नाहीसे होऊ शकते ही कल्पनाच तेव्हा धक्कादायक होती, कारण स्पिनांनी आपला कोनीय संवेग जाळीला द्यायला याहून पुष्कळ अधिक वेळ लागतो असे मानले जात असे.

२००० मध्ये कूपमान्स आणि सहकाऱ्यांनी मूलभूत शंका उपस्थित केली: हे चुंबकत्व आहे की नुसते प्रकाशशास्त्र? त्यांच्या मापनात पहिल्या काही शंभर फेम्टोसेकंदांत घूर्णन आणि लंबवर्तुळता यांचे सापेक्ष बदल एकमेकांशी जुळत नव्हते. चुंबकन ही एकच राशी दोन्हींना हाकत असती, तर ते जुळायलाच हवे होते. अर्थ असा की लेसरने इलेक्ट्रॉनांची भरती अचानक बदलली, काही संक्रमणांच्या जागा भरून गेल्या, आणि धातुवेध यांनी सांगितलेला प्रकाशीय गुणांकच त्या क्षणी बदलला.

पुढे क्ष-किरणांच्या वर्तुळी द्विवर्णतेच्या (डाव्या आणि उजव्या वर्तुळी ध्रुवित किरणांच्या शोषणातील फरकाच्या) साहाय्याने, विशिष्ट मूलद्रव्याच्या आतल्या पातळीवरून मोजून, निकेलचे चुंबकन खरोखरच एका पिकोसेकंदाच्या आत घटते याला २००७ मध्ये पुष्टी मिळाली. म्हणजे मूळ शोध टिकला. पण आरंभीच्या क्षणांतला दृश्य प्रकाशाचा संकेत चुंबकनाशी सरळ समान धरता येत नाही, हा आक्षेपही टिकला. त्या क्षणांत तापमान हा शब्दही जपून वापरावा लागतो, कारण इलेक्ट्रॉन, स्पिन आणि जाळी यांची तापमाने तीन वेगवेगळी असतात. आणि माझ्या दृष्टीने हीच या प्रयोगांची मोठी देणगी आहे: धाग्याच्या सुरुवातीला जी एका बटणाला बांधलेली कारणे म्हटली, ती येथे वेळेच्या अक्षावर एकमेकांपासून सुटी होतात.

उत्तरायण

धातुवेध यांनी विनिमय-विभाजनाचा प्रश्न उपस्थित केला आणि नंतर तो तसाच राहिला, त्याकडे पुन्हा वळतो. स्टोनर यांच्या पट्ट-सिद्धान्तात उत्तर सरळ आहे. विभाजन चुंबकनाच्या प्रमाणात असते आणि क्यूरी तापमानाला ते शून्य होते. तसे असेल, तर लोखंडाचे २.५ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचे शोषणशिखर १०४३ केल्विनकडे जाताना ठळकपणे सरकायला हवे. मला हे चित्र त्याच्या साधेपणामुळे अजूनही पटते, आणि निकेलच्या बाबतीत काही पट्ट तापवताना जवळ येतात असे प्रकाश-उत्सर्जनाचे पुरावेही आहेत. ते सोडून देण्याचे कारण काय?

धातुवेध

उत्तरायण, सोडण्याचे पहिले कारण आकड्यांतच आहे. स्टोनर चित्रात चुंबकन नष्ट करण्यासाठी इलेक्ट्रॉनांना विभाजनाएवढी ऊर्जा ओलांडून एका पट्टातून दुसऱ्यात जावे लागते, आणि त्यावरून काढलेले लोखंडाचे क्यूरी तापमान प्रत्यक्षाच्या कितीतरी पट येते. निसर्गाकडे स्वस्त मार्ग उपलब्ध आहे: प्रत्येक अणूचे आघूर्ण बहुतांशी तसेच ठेवून त्यांच्या दिशा विस्कटणे. १०४३ केल्विनला उष्णतेची ऊर्जा ०.०९ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. २ इलेक्ट्रॉनव्होल्टचे विभाजन ती पुसू शकत नाही, दिशा मात्र नक्की विस्कटू शकते. क्यूरी तापमानाच्या वरही लोखंडात स्थानिक आघूर्णे टिकून राहतात.

प्रकाशासाठी याचा परिणाम असा की इलेक्ट्रॉनाला आपल्या जागेपुरते विभाजन जाणवत राहते, परंतु वर आणि खाली ही दिशा अणूगणिक बदलते. शिखर मुख्यतः जागेवर राहते, रुंद होते आणि त्याची उंची घटते. निकेलमध्ये विभाजन मुळातच लहान असल्यामुळे दोन्ही प्रक्रिया मिसळतात, आणि आपण म्हणता तसे काही पट्ट खरोखर जवळ येतात. म्हणून 'स्टोनर की स्थानिक आघूर्णे' या प्रश्नाचे एकच उत्तर सर्व धातूंना लावू नये. लोखंड दुसऱ्या टोकाकडे झुकते आणि निकेल मधे कोठेतरी बसते.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे तापमान स्थिर ठेवून केवळ चुंबकन बदलता येईल का याकडे. लोखंडावर सामान्य तापमानाला बाह्य क्षेत्र लावले तर डोमेन (एकाच दिशेने चुंबकित असलेले लहान भाग) एका दिशेला वळतात, पण प्रत्येक डोमेनच्या आतले चुंबकन जवळजवळ तेवढेच राहते. एका बोर मॅग्नेटॉनवर १ टेस्ला क्षेत्राची ऊर्जा तापमानाच्या भाषेत केवळ ०.६७ केल्विन भरते. १०४३ केल्विनसमोर ती काहीच नाही. क्यूरी तापमानाच्या अगदी जवळ मात्र चुंबकन इतके लवचीक होते की काही टेस्लाही पुरतात.

यासाठी दोन पदार्थ मला विशेष उपयोगी वाटतात. पहिला युरोपियम हेक्साबोराइड. सुमारे १५ केल्विनच्या खाली लोहचुंबकीय होणारा हा पदार्थ लोखंडासारखा पूर्ण धातू नाही, त्यात विद्युतवाहक फार थोडे आहेत. पण त्यामुळेच चुंबकनातला बदल प्रकाशात प्रचंड होऊन दिसतो. अवरक्त भागात जेथे परावर्तकता एकदम कोसळते ती प्लाझ्मा-कड, थंड करताना आणि क्षेत्र लावताना, दोन्ही वेळा अधिक ऊर्जेकडे सरकते. १९९७ मध्ये डेजोर्जी आणि सहकाऱ्यांनी हे सरकणे नोंदवले, आणि पुढील मापनांत असे दिसले की ते तापमानापेक्षा चुंबकनाच्या मूल्याचा माग धरते: थंड करून मिळवलेले चुंबकन आणि क्षेत्राने मिळवलेले चुंबकन प्रकाशाला सारखेच दिसते. या धाग्यातील प्रश्नाला इतके स्वच्छ उत्तर मला दुसऱ्या कोणत्याही पदार्थात आढळलेले नाही.

दुसरा गॅडोलिनियम. त्याचे क्यूरी तापमान सामान्य तापमानाच्या आसपास असल्यामुळे भट्टीची गरज नाही, आणि प्रत्येक अणूमागचे आघूर्ण साडेसात बोर मॅग्नेटॉनच्या जवळ असल्यामुळे त्याच क्षेत्राचा प्रभाव निकेलच्या तुलनेत दहापटीहून अधिक पडतो. २९३ केल्विनच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा अंशांच्या पट्ट्यात जाळीची कंपने फारशी बदलत नाहीत. तेथे तापमान स्थिर धरून क्षेत्र शून्यापासून काही टेस्लापर्यंत नेले, तर परावर्तकतेत जो बदल मिळेल तो जवळजवळ पूर्णपणे चुंबकनाचा असेल. तापमापी यांचा पृष्ठभागाविषयीचा इशारा मात्र येथे दुप्पट लागू आहे: गॅडोलिनियम हवेत लवकर ऑक्सिडाइज होते, म्हणून थर अतिनिर्वातात बसवून तेथेच मोजावा लागतो, नाहीतर वरून संरक्षक थर द्यावा लागतो आणि त्याचे प्रकाशीय स्थिरांक हिशेबात धरावे लागतात.

मृण्मयी

सविस्तर उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. आमच्या उपकरणात लंबवर्तुळतेसाठी पाव-तरंग पट्टी (लंबवर्तुळता घूर्णनात बदलणारी प्रकाशीय पट्टी) बसवण्याची सोय आहे. निकेलच्या थरावर दोन्ही राशी, तापवताना आणि थंड करताना अशा दोन्ही वेळी, किमान दोन तरंगलांबींवर घेणार आहे. त्यांचे गुणोत्तर तापमानासमोर मांडलेला आलेख याच धाग्यावर देईन.